चुकलेले जनावर आपल्या शेतात शिरले तर

शास्त्रपाठ : निर्गम २२:५, निर्गम २३:४, ५, अनुवाद २२:१-४



खेड्यातील मंडळीत पाळकाच्या ओटीवर जी भांडणे येतात त्यांत बांधाची आणि गुरांची भांडणे फार. बांधाचे भांडण वर्षानुवर्षे धुमसत राहते. गुरांचे एका पहाटेत पेटते. ज्वारीने हुरडा धरला आहे, शेतकरी दिवस उगवण्यापूर्वी वावरात जातो, आणि पाहतो तो शेजाऱ्याचे दोन बैल चार काकऱ्या आडव्या करून निवांत रवंथ करीत उभे. त्या क्षणी हातात काठी असते, डोक्यात राग असतो, आणि पुष्कळदा ज्याचे ते बैल त्याच्याशी आधीचेच काही वाकडे असते. मग जनावराचा पाय मोडतो, मालक धावून येतो, शिवीगाळ होते. आणि पुढल्या रविवारी एकाच मंडळीतील दोन कुटुंबे उपासनामंदिराच्या दोन बाजूंना बसू लागतात.

ह्या विषयावर लिहिण्यास आमचा अधिकार असेल तर तो एवढाच, की आम्ही स्वतः ह्यात चुकलो आहो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका लहान मंडळीत होतो. पाळकाच्या घरामागे दोन गुंठ्यांचा तुकडा होता. त्यात मेथी, वांगी, थोडा घेवडा लावीत असू. शेजारच्या गृहस्थांची म्हैस सैल दाव्याची. दोनदा येऊन मेथी खाऊन गेली, दोनदा आम्ही निरोप पाठविला. तिसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही तिला धरून मागल्या लिंबाला बांधले आणि मनाशी म्हटले, आता येऊ द्या त्यांना विचारीत. निरोप मुद्दामच पाठविला नाही. ते गृहस्थ आपल्या मुलासह रात्रभर ओढ्याच्या कडेने बॅटरी घेऊन फिरत होते, हे आम्हांस मागाहून कळले. म्हैस दुभती होती. संध्याकाळची धार चुकली, सकाळचीही चुकली. आमच्या पत्नीने धार काढून पाहिली, पण परक्या हाताला ती पान्हा सोडीना. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक आले तेव्हा कास दगडासारखी झाली होती, आणि औषधपाणी करूनही एक सड कायमचा गेला. मंडळीतील एका वृद्ध बाईंनी आम्हांस गाठून म्हटले, “पाळकसाहेब, मेथी काय, चार दिवसांनी पुन्हा उगवेल. त्यांच्या म्हशीचा सड कोठून उगवायचा?”

त्या संध्याकाळी आम्ही निर्गमाचा तेविसावा अध्याय काढून बसलो. तो आम्ही सेमिनरीत शिकलो होतो, त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिले होते.

आता वरील तीन वचने शेजारी शेजारी ठेवून वाचावी. पहिले वचन मालकाशी बोलते. ज्याने आपले जनावर मोकळे सोडले आणि ते दुसऱ्याच्या शेतात किंवा द्राक्षमळ्यात चरले, त्याने आपल्या शेतातील व मळ्यातील उत्तम ते देऊन भरपाई करावी. म्हणजे शेतवाल्याचा हक्क मोशेच्या नियमशास्त्राने स्पष्ट मान्य केला आहे. “जनावरच ते, त्याला काय कळते” असे म्हणून मालकास हात झटकता येत नाहीत. पुढे एकच अध्याय ओलांडला की दुसरे वचन येते, आणि ते ज्यास जनावर सापडले त्याच्याशी बोलते. तुझ्या वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसले तर ते त्याच्याकडे परत पोचते कर. तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडले असेल तर त्याला सोडून जाऊ नको. अनुवादात हीच आज्ञा पुन्हा येते. तेथे वैऱ्याऐवजी भाऊ असा शब्द आहे आणि आणखी एक गोष्ट जोडली आहे: मालक दूर राहत असेल किंवा तो कोण हे ठाऊक नसेल, तर जनावर आपल्या घरी आणावे, आणि तो शोधीत येईपर्यंत जवळ ठेवून मग त्यास परत द्यावे. न पाहिल्यासारखे करून निघून जाण्यासही तेथे मनाई आहे.

ह्यावरून काय दिसते? शेतात शिरलेले जनावर एकाच वेळी दोन गोष्टी असते: झालेले नुकसान आणि परक्याची ठेव. नुकसानीचा हिशेब मालकाशी. ठेव मात्र जपावयाची. ह्या दोन वह्या वेगळ्या आहेत. आमचे चुकले ते येथेच. मेथीचा हिशेब आम्ही म्हशीच्या कासेतून वसूल केला. काठीने वसूल करणारा आणि लिंबाला बांधून वसूल करणारा ह्यांत अंतर फार नाही.

पहिल्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायात कीशाची गाढवे हरवतात आणि शौल चाकरास घेऊन डोंगराळ मुलुख पालथा घालतो. ती कथा आपण शौलाच्या अभिषेकासाठी वाचतो. पण तीन दिवसांनी गाढवे सापडल्याचे जे वर्तमान येते, त्यामागे कोणीतरी असलाच पाहिजे. कोणीतरी ती पाहिली, अडविली, आणि कीशाच्या घरी कळविले. त्याचे नाव शास्त्रात नाही.

मालकाने जनावर कितपत बंदोबस्ताने ठेवावे, हा प्रश्न निर्गमातील त्या एका वचनावरून सुटत नाही. यहूदी शास्त्र्यांनी ह्याचा फार बारकाईने विचार केला, आणि तो इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या संग्रहात आढळतो. त्यांचा निर्णय असा: नेहमीच्या वाऱ्यास टिकेल अशा दाराआड मेंढरे नीट कोंडली असून ती निसटली, तर मालक दोषी नाही, तसे कोंडले नसेल तर दोषी. रात्री भिंत पडली, किंवा चोरांनी ती फोडली, तर तो सुटतो. परंतु जनावर भर उन्हात बांधून ठेवले असेल तर त्याची सुटका नाही, कारण उन्हाने कासावीस झालेले जनावर दावे तोडणारच. आणि ते लहान मुलाच्या हवाली केले असेल तरीही मालकच दोषी. ही शेवटची गोष्ट आमच्या मंडळ्यांतील बापांनी थांबून वाचावी. शाळेच्या वेळी आठ वर्षांच्या पोराच्या हाती चार म्हशी देऊन त्यास गायरानात धाडावयाचे, आणि म्हशी कोणाच्या ऊसात शिरल्या की त्याच पोरास झोडपावयाचे, ही रीत आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. त्या जुन्या शास्त्र्यांच्या मते तेथे दोष पोराचा नव्हेच.

भरपाई किती, ह्याविषयीही त्यांनी एक व्यवहारी नियम घातला. खाल्लेला तुकडा एकटा धरून मोल करू नये. त्या शेतातील मोठा भाग धरावा, तो नुकसानीपूर्वी कितीस गेला असता आणि आता कितीस जाईल ह्यांतील अंतर काढावे. जनावराने तयार पीक खाल्ले असेल तर तयार पिकाचीच किंमत द्यावी, असे त्यांच्यातील एकाचे मत होते. ह्या नियमाचे मर्म आपल्या शेतकऱ्यांस सहज कळेल. राग आलेला मनुष्य प्रत्येक मोडलेल्या ताटाला भरघोस कणीस लागणारच होते असे धरून मोजतो. पण गुडघाभर वाढीची ज्वारी खाल्ली तर ती पुन्हा फुटू शकते. पोटरीत आलेली खाल्ली तर तो दाणा गेलाच. म्हणून दोन्ही पक्षांचे नसलेले असे दोन शेतकरी बरोबर घेऊन, त्याच दिवशी, जनावराची पावले ताजी असताना वावर पाहावे. मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. आठ दिवसांनी केलेली मोजणी ही मोजणी नसते, ती आठवण असते. आणि रागाची आठवण फुगत जाते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो.

पहिले काम जनावर पिकातून बाहेर काढणे, आणि ते केवळ पिकासाठी नव्हे. ज्वारी कोवळी असेल, पावसाच्या ताणाने खुरटली असेल, किंवा कापणीनंतर बुडख्यांना नवे फुटवे आले असतील, तर त्यांत विष असते. आपल्याकडे ह्यास किराळ लागणे म्हणतात. जनावर धापा टाकते, थरथरते, तोंडाला फेस येतो, खाली पडते, आणि थोड्याच वेळात मरते. लसूणघासात शिरलेल्या जनावराचे पोट फुगते. डावी कूस वर आलेली दिसते. ह्या दोन्ही प्रसंगी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांस त्याच क्षणी बोलवावे. मालकाचा शोध मागाहून. पिकावर नुकतीच फवारणी झाली असेल तर तेही डॉक्टरांस सांगावे, लपवू नये. आमच्या माहितीतील एका शेतकऱ्याने “त्याचे जनावर, तो पाहील” म्हणून गोष्ट दुपारपर्यंत ठेवली. मेलेला बैल त्याच्याच वावरात होता, आणि त्याने विष घातले नाही हे गावास पटविण्यात त्याचे वर्ष गेले.

हाकताना दगड, गोफण किंवा कुत्रे वापरू नये. भेदरलेले जनावर आणखी चार काकऱ्या तुडविते, विहिरीच्या काठाशी जाते, नाहीतर रस्त्यावर गाडीपुढे येते. दोघांनी दोन बाजूंनी, सावकाश, ज्या वाटेने ते आले त्याच वाटेने काढावे. मारका वळू असेल तर एकट्याने पुढे जाऊ नये. काही गावी देवाच्या नावाने सोडलेला पोळ फिरत असतो. त्याच्याबाबतीत गावच्या वडीलधाऱ्यांस बोलावून त्यांच्या हातून तो हलवावा. आमच्या माणसाने त्यास काठी मारली की गोष्ट पिकाची राहत नाही.

मालक ठाऊक असेल तर निरोप तत्काळ पाठवावा, मग तो कोणीही असो. ठाऊक नसेल तर जनावर सावलीत बांधावे, पाणी ठेवावे, वैरण टाकावी. मात्र आपल्या गोठ्यात आपल्या गुरांशेजारी बांधू नये. २०२२ साली लम्पी त्वचारोग आपल्या राज्यात कसा पसरला हे आपण विसरलो नाही. तो माशा, डास व गोचिडांमार्फत पसरतो. लाळ्या खुरकूत तर एकाच डोणीत पाणी प्यायल्यानेही लागतो. डोण वेगळी, दावे वेगळे. दुभते असेल तर धारेची व्यवस्था करावी. धार निघेना तर डॉक्टरांस विचारावे, वाट पाहू नये. दूध निघालेच तर ते मालकाचे.

मालक ओळखावा कसा? बहुतेक गुरांच्या कानात आता बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो. त्या आकड्यावरून दवाखान्यात मालकाचे नाव निघू शकते. बिल्ला नसेल तर शेजारच्या गावांत वर्दी द्यावी. पण सगळ्या खुणा सांगू नयेत. खिलार बैल, रंग कोसा, एवढे सांगावे. कोणते शिंग मोडके आहे, वेसण कशाची आहे, डागणी कोठे आहे, हे विचारीत येणाऱ्याने सांगावयाचे. मिश्नातही हरवलेल्या वस्तूचा मालक खुणांवरूनच ओळखला जातो. सुवार्तिकांनी ह्या कामी मंडळीच्या ओळखीचा उपयोग करावा. पाच गावांत फिरणाऱ्या माणसाला जितके कळते तितके कोतवालालाही कळत नाही.

ठेवलेल्या जनावराच्या वैरणीचा खर्च कोणी सोसावा? त्याच संग्रहात म्हटले आहे की जे जनावर काम करून खाते त्याने काम करावे आणि खावे. जे नुसतेच खाते ते विकून त्याची किंमत मालकासाठी राखावी. हा त्यांच्या देशाचा निवाडा झाला. आपल्याकडे दुसऱ्याचे जनावर आपण होऊन विकणे हा भलताच गुन्हा ठरेल. त्यासाठी आपल्याकडे कोंडवाडा आहे.

कोंडवाड्याचा कायदा १८७१ सालचा आहे. त्यान्वये ज्याची जमीन आहे किंवा जो ती कसतो, अथवा ज्याने त्या पिकावर आगाऊ पैसा दिला आहे, त्यास शेतात शिरून नुकसान करणारे जनावर धरता येते. पण धरल्यापासून चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पाठविले पाहिजे. आम्ही म्हैस लिंबाला ठेवली ती चोवीस तासांच्या हद्दीला जाऊन पोचली होती, हे आम्हांस पुढे हिशेब करता कळले. कोंडवाड्याचा रखवालदार जनावराची नोंद करतो आणि आणणाऱ्यास पावती देतो. ती पावती जपून ठेवावी. मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरला की जनावर त्यास मिळते. सात दिवसांत कोणी न आल्यास पोलिसांस कळविले जाते, जाहीर नोटीस लागते, आणि त्यानंतरही सात दिवसांत कोणी न आल्यास लिलाव होतो. दंड व खर्च वजा जाता उरलेला पैसा मालकाचा. आपले जनावर कोणी अन्यायाने धरले असे ज्यास वाटते, त्यास दहा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. परंतु पकडलेले जनावर वाटेत किंवा कोंडवाड्यातून बळजबरीने सोडविणे शिक्षेस पात्र आहे. हे आमच्या तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावे. न्याय आपल्या बाजूचा असूनही ह्या एका कृत्याने तो उलटतो.

येथे एक गैरसमज काढून टाकू. कोंडवाड्याचा दंड शेतवाल्याच्या हाती पडत नाही. पिकाची भरपाई हवी तर ती वेगळी मागावी लागते, प्रसंगी दिवाणी दाव्याने. म्हणून चार माणसांत बसून झालेली तडजोड बहुधा दोघांनाही स्वस्त पडते. ह्या कायद्यात जनावरांची जी यादी आहे तीत हत्ती, उंट, डुकरे, शेळ्या, करडेही आली आहेत. कोंबड्यांचे नाव नाही. कोंबड्यांच्या भांडणात पडण्यास इंग्रज सरकारही धजले नसावे.

अलीकडे एक नवे दुःख वाढले आहे. मालक नसलेली गुरे. २०१९ च्या पशुगणनेत देशात मोकाट गुरे पन्नास लाखांहून अधिक भरली. आपल्या राज्यात पशुसंरक्षण कायद्याची दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये अमलात आल्यापासून गायींप्रमाणे बैल व वळू ह्यांचीही कत्तल बंद आहे. कामातून गेलेला बैल विकला जात नाही, ट्रॅक्टर आल्यामुळे त्याचे काम तसेही घटले, आणि दुष्काळात कडब्याची पेंढी माणसाच्या भाकरीइतकी महाग होते. मग कोणी रात्रीच्या अंधारात दावे सोडतो आणि जनावर दुसऱ्या गावच्या शिवेत हाकून देतो. त्याचा नाइलाज आम्हांस दिसतो. तरी ज्या बैलाने दहा वर्षे आपली पेरणी केली त्यास शेजारच्या गावाच्या गळ्यात टाकणे आम्हांस पटत नाही. जवळपास गोशाळा असेल तर तेथे चौकशी करावी. जागा नाही असे उत्तर पुष्कळदा मिळते, तरी करावी.

मेंढ्यांविषयी थोडेसे. दिवाळीनंतर नगर, पुणे भागांतले धनगर बंधू कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. त्यांचा कळप आपल्या वाटेवर दिसला की चोर आल्यासारखी ओरड करू नये. पीक निघालेल्या वावरात मेंढ्या बसविण्यासाठी शेतकरी त्यांस पूर्वापार धान्य किंवा पैसे देत आला आहे. लेंडीखत त्यास हवेच असते. उभ्या पिकाची हद्द आधीच दाखवून दिली, आणि पाण्याची जागा सांगितली, म्हणजे तंटा सहसा होत नाही.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. बांधावर विष कालवून ठेवू नये; जनावरास विष घालणे, मारणे किंवा पंगू करणे हा २०२४ च्या जुलैपासून लागू असलेल्या न्यायसंहितेतही पूर्वीप्रमाणेच मोठा गुन्हा आहे. आणि कुंपणात घरची वीज सोडू नये. त्या तारेला बैलाआधी माणसाचे पोर चिकटते, कित्येकदा लावणाऱ्याचेच. बोरीबाभळीच्या फांद्यांचे कुंपण, घायपाताची रांग, आणि सुगीत रात्रीची राखण, ही जुनी साधने कष्टाची खरी, पण त्यांनी कोणाचा जीव गेल्याचे आम्ही ऐकले नाही. ज्याचे जनावर ओढाळ आहे त्याने त्याच्या गळ्यात लोढणे अडकवावे, हेही जुनेच.

आमच्या म्हशीचे सांगावयाचे राहिले. डॉक्टरांचा खर्च आम्ही दिला, आणि त्या वेतातील जेवढे दूध त्या सडाचे बुडाले असे दोघा शेजाऱ्यांनी ठरविले, त्याची किंमतही हप्त्यांनी दिली. शेवटचा हप्ता घेतल्यावर त्या गृहस्थांनी खिशातून मेथीचे पैसे काढून आमच्यापुढे धरले. आम्हांस लाज वाटली, नको म्हणणार होतो; पण नको म्हटले असते तर पुन्हा आम्ही वरचढ आणि ते खाली, असे झाले असते. आम्ही ते मोजून घेतले. पुढे त्यांनी म्हशीचे दावे बदलले आणि आम्ही मागल्या बाजूस काट्यांचे कुंपण केले.

पुढील पाठ निर्गम २१:२८-३६, मारका बैल आणि उघडा खड्डा, ह्यावर होईल. तत्पूर्वी वर्ग घेणाऱ्या सुवार्तिकांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे, की गावचा कोंडवाडा कोठे आहे, त्याच्या भिंती उभ्या आहेत की पडल्या, तो ग्रामपंचायतीकडे आहे की आणखी कोणाकडे, आणि त्याची किल्ली रात्री कोणाच्या घरी असते.